नफ्यामागची जोखीम

अनेकांचा पैसा एकत्र करून तो समभागांत गुंतविणारे खुले निधी अमेरिकेत १९२४ पासून चालत आले आहेत. त्यांच्या चालकांचे कौशल्य पारखण्याची रीत मात्र दीर्घकाळ भाबडीच होती. वर्षअखेर शेकडा किती मिळाले, एवढेच पाहावयाचे! तेजीच्या दिवसांत जो अधिक धाडस करी, तोच शहाणा ठरे; आणि ते धाडस दुसऱ्याच्या पैशावर केलेले असे, ही गोष्ट हिशेबात कोठेच उतरत नसे.

१९५२ साली हॅरी मार्कोविट्झ या तरुण अर्थशास्त्रज्ञाने जोखमीला संख्येचे रूप दिले. निधीची प्राप्ती आपल्या सरासरीभोवती किती हेलकावे खाते, ते तिचे माप. १९६५ मध्ये जॅक ट्रेनर याने आणि १९६६ मध्ये विल्यम शार्प याने, थोड्या निराळ्या वाटांनी, या मापाच्या आधारे निधींची तुलना मांडली. शार्पचे गणित सोपे आहे. सरकारी रोख्यांवर निर्धास्तपणे शेकडा ४ मिळत असतील, तर एखाद्या निधीच्या प्राप्तीतून ते आधी वजा करावयाचे व उरलेल्यास हेलकाव्याने भागावयाचे. शेकडा १६ मिळविणारा, पण २४ चे हेलकावे खाणारा निधी अर्ध्या गुणाचा. शेकडा १० मिळवून ८ चेच हेलकावे खाणारा पाऊण गुणाचा. मोठा नफा येथे मागे पडतो.

या मापाने शार्पने १९५४ ते १९६३ या काळातील ३४ निधी तपासले. डाऊ-जोन्स निर्देशांकातील ३० समभागांवर मात करणारे निघाले अवघे ११. ज्यांचा कारभार काटकसरीचा, त्यांचीच कामगिरी बहुधा बरी, असेही त्यास आढळले. १९६८ मध्ये मायकेल जेन्सन याने ११५ निधी तपासले. त्याचा निष्कर्षही चालकांना सुखावणारा नव्हता.

परंतु हे माप जाहीर झालेल्या किमतींवरच चालते. मुंबईच्या युनिट ट्रस्टने १९६४ साली जी पहिली योजना काढली, तिच्या युनिटांचा भाव बाजार ठरवीत नसे, ट्रस्टच जाहीर करी. समभागांचे हेलकावे त्या भावात दिसतच नसत. भागधारक, आणि त्यांत निवृत्तांचा भरणा मोठा, ही ठेव पेढीतल्या ठेवीइतकीच निर्धोक मानीत. १९९८ साली तिची गंगाजळी वजा झाल्याचे उघड झाले. जुलै २००१ मध्ये युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, आणि प्रत्यक्ष मालमत्तेशी बांधलेला भाव जानेवारी २००२ पासून लागू झाला.