दोन्हीकडून परक्या: पंडिता रमाबाईंची निष्ठा

श्रद्धेची परीक्षा छळानं होते, असं आपण म्हणतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यावर आम्हाला मात्र वाटतं की विश्वासघात छळापेक्षा अवघड असतो. छळणारा परका असतो, त्याच्यासमोर उभं राहता येतं. विश्वासघात आपलाच माणूस करतो. मग प्रश्न पडतो, ज्याच्यामुळे आपण हे मानलं तोच फिरला, तर मानलेलंही खोटं का? पंडिता रमाबाईंपुढे हा प्रश्न दोनदा उभा राहिला.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ज्या समाजानं त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून डोक्यावर घेतलं होतं, तोच आता त्यांना फितूर म्हणू लागला. बाजूनं बोलणारे थोडे. त्यात जोतीराव फुले होते. 1885 साली 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

पण ज्या घरात त्या आल्या तिथं तरी विसावा मिळाला का? नाही. रमाबाईंनी मुलग्यांना शिकवू नये, असं मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचं मत पडलं. त्यांचा शाकाहार सिस्टर जेराल्डिनना जुन्या जातीचा अहंकार वाटला. या जेराल्डिन म्हणजे त्यांना धर्मात आणणाऱ्या, आईसारख्या. रमाबाईंनी क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांबद्दलही विचारलं, की लॅटिनच का, संस्कृत का नको? त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका काढल्या. उत्तर साधारण असं आलं: वडीलधाऱ्यांचं ऐकावं. पत्रांमधून रमाबाईंनी सांगितलं की एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायला आपण आलेलो नाही.

दुसरा प्रसंग पुण्याचा. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. तिथं धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत, आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी मुली काढून नेल्या.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रानडे-भांडारकरांनी आपलं नाव या संस्थेमागे उभं केलं होतं, ते एका शब्दावर. तो शब्द मोडला असं त्यांना वाटलं. त्यांच्या लेखी विश्वासघात रमाबाईंनी केला, रमाबाईंच्या लेखी सोबत्यांनी. प्रत्येक विश्वासघाताला अशा दोन बाजू असतात. म्हणूनच "मला दगा दिला" एवढ्यावरून आपली निष्ठा खरी ठरत नाही. ती कशावर टेकली आहे, हे पाहावं लागतं.

आपल्या चांद्याशी नातं असलेलं एक वेगळं उदाहरण पाहा. चांद्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये काम केलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. 1932 मध्ये व्हेरिअर एल्विन मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले, तेव्हा वुड यांनी धर्मगुरूचा परवाना देण्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली. गांधीजींचा माणूस ती कशी घेणार? 1935 साली एल्विननी चर्चच सोडलं. त्यांना दोष द्यायला आम्ही धजणार नाही. त्यांनीही एका निष्ठेसाठीच दुसरी सोडली.

मग रमाबाई का टिकल्या? 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. आमच्या मते उत्तर या एका वाक्यात आहे. बिशप, मिशन, मित्र, हितचिंतक हे सगळे धर्माच्या बाजूचे. ते फिरले तरी ज्याच्यावर खरा भरवसा ठेवला तो फिरला नव्हता. वाँटेजला त्या भांडल्या, म्हणून पुण्यात मोडल्या नाहीत. शंका विचारल्यानं त्यांची निष्ठा कमी झाली नाही, तिचा पत्ता नक्की झाला.

आणि कडवटपणा? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि विधवा सोबत नेल्या. त्यांतून केडगावचं मुक्ती सदन वाढलं. ज्या समाजानं त्यांना परकं केलं, त्याच्याच या लेकी. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. 1921 साली मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं.

लॅटिन का, असं विचारणाऱ्या बाईनं अखेर आपल्या भाषेत उत्तर दिलं. विश्वासघातानंतर माणूस काय बोलतो यापेक्षा कोणासाठी काम करत राहतो, त्यावरून त्याची निष्ठा ओळखावी, एवढंच आम्हाला सुचवायचं होतं.