पळीभर तेल, किलोभर तेल

घरातले तेल संपले की आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "एक किलो तेल द्या." दुकानदार लिटरची पिशवी काढून देतो. आपण मागतो किलो, घेतो लिटर, आणि कोणाचेच काही अडत नाही. पण तेल पाण्यापेक्षा हलके. लिटरभर शेंगदाणा तेल तागडीत टाकले तर साधारण ९१० ग्रॅम भरते.

तेल मापायचे की तोलायचे, हा घोळ जुना आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानांची ही नोंद. तिचा काही भाग चक्क मराठीत आहे. गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल मठाला द्यावे, असे त्यात सांगितले आहे. आणि पुढे एक अट आहे, जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे. म्हणजे पळी कोणाची, हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वीही होताच!

पुढे शेर आला, तोही एक नव्हे. मापी शेर वेगळा, वजनी शेर वेगळा. ८० तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. मण चाळीस शेरांचा खरा. पण मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून जास्त. व्यापाऱ्याने कोणता मण धरायचा?

१९५६ च्या कायद्याने हे सारे मोडीत निघाले आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो बाजारात येऊ लागला. पावशेर, नवटाक हे शब्द मात्र बायकांच्या तोंडी कितीतरी वर्षे राहिले. सुट्या तेलाचे तोंड किलोकडे वळले. पिशव्या आणि बाटल्या आल्या तशी त्याने पुन्हा मापाची वाट धरली. आज १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी शेजारी ठेवले तर दिसायला भाऊ-भाऊ. पण लिटरच्या डब्यात तेल असते साडेतेरा किलोंच्या थोडे वर. दोघांचे भाव विचारताना हे कोणी लक्षात आणून देत नाही.

त्यात आणखी एक मेख. तेल तापले की फुगते. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम, ६० अंशांना जेमतेम ८९३ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर लिटरचा आकडा टाकत आणि बारीक अक्षरांत '६० अंश तापमानाला' असे लिहीत. विदर्भात भर मे महिन्यातसुद्धा कोणाच्या फडताळात ६० अंश असतात हो? अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितले की तापमान न लिहिता माप छापा आणि ते वजनाशी जुळू द्या. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

तेव्हा पिशवी उलटीसुलटी करून पाहा. लिटरच्या आकड्याजवळच ग्रॅमचा आकडा सापडेल. दोन कंपन्यांचे भाव ताडताना मी आता तोच धरतो, आणि तरीही दुकानात तोंडून निघते ते "एक किलो द्या" हेच.