डमडमचे बीटल्स आणि कव्हरवरचे शिक्के

रॉक संगीताच्या जुन्या रेकॉर्ड आणि इचोडा, हे शब्द एका वाक्यात आले की आमच्याकडे लोक हसतात. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव. इथल्या माळ्यांवरून निघणाऱ्या तबकड्या म्हणजे हिंदी सिनेमा, मराठी नाट्यगीतं, भजनं, तेलुगू गाणी. तरीही रॉकच्या मूळ छापाच्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांचं शास्त्र आपण गावचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शिकून घ्यावं, असं माझं मत आहे. त्यांची एक सवय मात्र सोडून द्यावी. ती कोणती, ते पुढे येतंच.

आधी मूळ छाप म्हणजे काय ते पाहू. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे मला यातला साच्याचा भाग सगळ्यात जास्त आवडतो. गाणं आधी लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर कोरलं जातं. तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि वर निकेलचा मुलामा चढवून उलटा साचा काढतात, त्यावरून सुलटा, आणि त्यावरून पुन्हा उलटा. या शेवटच्या साच्यानं रेकॉर्ड छापतात. तो हजार-दीड हजार तबकड्यांत झिजतो, कधी त्याआधीच. मग नवा साचा. म्हणजे एकाच अल्बमच्या दोन रेकॉर्ड वेगवेगळ्या साच्यांतून निघालेल्या असू शकतात, आणि त्याची नोंद रेकॉर्डवरच असते. लेबलाभोवती जी गुळगुळीत कोरी पट्टी असते ना, तिथे बारीक आकडे-अक्षरं खोदलेली दिसतात. इंग्लंडमधल्या ईएमआयच्या कारखान्यात साच्याचा क्रमांक अक्षरांत लिहीत. जी म्हणजे १, आर म्हणजे २, मग ए, एम, ओ, पी, एच, एल, टी असं ९ पर्यंत, आणि डी म्हणजे शून्य. ग्रामोफोन लिमिटेड या नावातूनच काढलेली ही किल्ली. आपल्याकडे कापड दुकानदार चिठ्ठीवर खरेदीचा भाव असाच सांकेतिक अक्षरांत लिहितात, त्यामुळे आपल्या लोकांना ती समजवायला दोन मिनिटं पुरतात.

हा नुसता शौक नाही. बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम ऑगस्ट १९६६ मध्ये आला. त्याच्या ब्रिटिश मोनो आवृत्तीच्या अगदी पहिल्या तबकड्यांवर दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याचं वेगळंच मिश्रण होतं. ते लगेच बदललं गेलं. कव्हर तेच आणि लेबल तेच, पण आतला आवाज वेगळा. कोऱ्या पट्टीवर क्रमांकाच्या शेवटी १ आहे की नाही, एवढ्यावरच ते कळतं. हस्तलिखितांचे पाठभेद पाहणाऱ्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आता आपल्या देशाकडे येऊ. ग्रामोफोन कंपनीचा इथला कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. तिथे साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होती. पार्लोफोन लेबल, क्रमांकाच्या सुरुवातीला डीपीई. 'कान्ट बाय मी लव्ह'सारखी गाणी त्यांत आहेत. खुद्द ब्रिटनमध्ये ७८ ची तबकडी १९६० च्या सुमारास संपली होती. मग भारतात ती का चालू राहिली? कारण सरळ आहे. असंख्य गावांत वीज नव्हती आणि घरात चावीचा फोनो होता. चावीच्या फोनोला ७८ चीच रेकॉर्ड लागते. तिच्या खाचा रुंद असतात, लाँग प्लेच्या जवळपास तिप्पट. लाँग प्ले त्यावर लावली तर जड ध्वनिपेटी आणि पोलादी सुई तिचं वाटोळं करते. आज याच डमडमच्या ७८ साठी परदेशातले संग्राहक हात धुऊन मागे लागतात. जे एकेकाळी मागासलेपण होतं, त्याचाच हा दस्तऐवज झाला.

ती काळी तबकडी बनायची लाखेची. दगडाची पूड, काजळी आणि लाख. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढतात, आणि पळस काय, आमच्या रानात ठायी ठायी आहे. जंगलातल्या माणसानं खरवडलेली लाख लिव्हरपूलच्या पोरांच्या गाण्याला लागली, याचं मला अजून नवल वाटतं.

भारतीय रॉकच्या रेकॉर्ड कमीच. सिमला सिगारेटच्या नावानं भरलेल्या स्पर्धेचे १९७० आणि १९७१ चे 'सिमला बीट' अल्बम, मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टचा 'ऑब्सेशन ७७'. या आता परदेशात पुन्हा छापल्या गेल्यात, मूळ प्रत हवी तर खिसा रिकामा करावा लागतो.

तर ती सवय. संग्राहकाला प्रत कोरी हवी असते. कव्हरवर दुकानाचा शिक्का, कुणाचं नाव, शाईनं लिहिलेली तारीख असली की भाव उतरतो, म्हणून विक्रेते ते सगळं खरवडून टाकतात. गावच्या इतिहासाला नेमकं तेच हवं असतं! रेकॉर्ड डमडमची आहे हे लेबल सांगतं. पण ती नागपूरच्या दुकानातून आली की हैदराबादच्या, लग्नात आहेर म्हणून आली की लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीतली होती, हे फक्त तो शिक्का सांगतो. १९५६ ला आमच्या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. त्यानंतर लोकांच्या खरेदीची वाट बदलली का, याचं उत्तर कुठल्याच गॅझेटिअरमध्ये मिळणार नाही. अशा पन्नास कव्हरांवरून मात्र काही अंदाज बांधता येईल.

मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि इतरांनी 'द रेकॉर्ड न्यूज'मधून लेबलं आणि क्रमांकांच्या याद्या छापल्या. काम मुख्यतः हिंदुस्तानी संगीतावर, पण पद्धत तीच. रॉकवाले असोत की नाट्यसंगीतवाले, पट्टीवरचे आकडे वाचणं दोघांनाही सुटलेलं नाही.

म्हणून विनंती. भंगारवाल्याला देण्याआधी लेबलाच्या दोन्ही बाजूंचा, कोऱ्या पट्टीचा आणि कव्हरवरच्या प्रत्येक शिक्क्याचा फोटो घ्या. पट्टीवर तिरका उजेड टाका, आकडे उठून दिसतात. ७८ ची तबकडी स्पिरिटनं चुकूनही पुसू नका, लाख विरघळते. कोरडा मऊ फडका पुरे. तबकडी फुटलेली असली तरी लेबल शाबूत असेल तर फोटो मंडळाकडे पाठवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती कुठून आणली ते विचारून मागे लिहून ठेवा.