मोटारगाडीतील इलेक्ट्रॉनिक साधने : बाजारपेठ आणि नियम
(मोहर्लीच्या निमित्ताने)

विकसनशील देशांत मोटारगाडीतील इलेक्ट्रॉनिक साधनांची बाजारपेठ वाढत आहे, ह्या विधानाच्या मुळाशी एक गृहीत बहुधा न तपासता स्वीकारलेले असते. लोकांचे उत्पन्न वाढले की हौस वाढते, हौस वाढली की गाडीत नवी साधने येतात, आणि त्यांतून बाजारपेठ उभी राहते, असे ते गृहीत आहे. महाराष्ट्रापुरते पाहता हा कार्यकारणभाव उलटा मांडावा लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. येथे बाजारपेठ प्रथम नियमांनी घडविली. हौस तिच्या मागून आली.

ह्या मताची परीक्षा करण्यास मुंबई-पुण्यापेक्षा मोहर्ली हे गाव अधिक सोयीचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती तालुक्यात वसलेले हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार आहे. येथे मोटारीचा कारखाना नाही, मोटारीची हौस पुरविणारे पेठेचे वातावरणही नाही. परंतु वनपर्यटनावर चालणारा येथील व्यवसाय वाहनावर सर्वस्वी अवलंबून आहे, आणि ते वाहन दीर्घकाळ एकच होते : मारुतीची उघडी जिप्सी.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्यांच्या जुळणीस प्रारंभ केला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. १९५३ साली जकात आयोगाने केलेल्या शिफारशींनंतर, ज्यांचा देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम नव्हता अशा जुळणीदारांना येथे स्थान उरले नाही. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपले काम गुंडाळले. परदेशी तंत्रज्ञानाची वाट अशी अरुंद झाल्यावर जी गाडी उरली तिच्यात वीज होती, इलेक्ट्रॉनिक्स नव्हते. फियाटच्या, म्हणजे पुढील काळातील पद्मिनीच्या, इंजिनात ठिणगी पडे ती पॉइंट व कॉन्डेन्सर यांच्या योगाने. पॉइंट झिजले की ते काचपेपराने घासावयाचे, फटीत गेजची पाती घालून अंतर जुळवावयाचे, आणि डेल्को किंचित फिरवून इंजिनाचा आवाज कानाने ऐकावयाचा. गॅरेजमधील विद्या ती हीच. नागपूर-चंद्रपूरपासून गडचिरोलीच्या रस्त्यांपर्यंत ती सर्वत्र सारखीच उपलब्ध होती, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या काळी गाडीतील एकमेव खरे इलेक्ट्रॉनिक साधन म्हणजे रेडिओ. ती मात्र निव्वळ हौस होती. तीवरही परवान्याचे बंधन होते, आणि ते १९८० नंतरच्या दशकातच सुटले. हौसेच्या बळावर बाजारपेठ उभी राहावयाची असती, तर तिचे बीज येथे दिसावयास हवे होते. ते दिसत नाही.

१९८० नंतर जपानी सहकार्याने आलेल्या दुचाकींनी पहिला बदल घडविला. किनेटिक-होंडा १९८४ साली व हीरो-होंडाची सीडी १०० ही १९८५ साली आली. ह्या गाड्यांत पॉइंट नव्हते. विद्युत्-मंडलाने ठिणगी देणारी 'सीडीआय' पद्धत होती. ग्राहकाने ती मागितली होती काय? त्याला हवी होती कमी पेट्रोल पिणारी आणि वारंवार गॅरेज न दाखविणारी गाडी. इलेक्ट्रॉनिक्स त्याच्या पदरात न मागता पडले. आकुर्डीच्या बजाज कंपनीने २००३ साली पल्सरमध्ये दोन स्पार्क-प्लग व संख्यांकित प्रज्वलन-नियंत्रण आणले तेव्हा मात्र चित्र बदलले होते. 'डीटीएस-आय' ही अक्षरे तरुण ग्राहक मिरवू लागला. लेखारंभी ज्या हौसेचा उल्लेख केला ती हीच; परंतु तिचा काळ पाहा.

कारण तत्पूर्वी निर्णायक गोष्ट घडून गेली होती. धूरनियंत्रणाचे पहिले देशव्यापी दंडक पेट्रोल गाड्यांसाठी १९९१ साली व डिझेल गाड्यांसाठी १९९२ साली आले. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. शिसे ह्या परिवर्तकास निकामी करते, म्हणून त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. तथापि १९९५ च्या ह्या टप्प्याने इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ फारशी वाढविली नाही. कार्ब्युरेटर तसाच ठेवून परिवर्तक जोडता येत असे. खरा उंबरठा १९९९-२००० हा होय. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी क्षेत्रासाठी कडक मर्यादा लागू केल्या, आणि १ एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' हे दंडक देशभर आले. हवा व इंधन यांचे प्रमाण अचूक राखल्यावाचून परिवर्तक पुरेसे कार्य करीत नाही. ते राखावयाचे तर धुराड्यात प्राणवायू मोजणारा संवेदक हवा, अंतःक्षेपक हवेत आणि त्यांच्यावर देखरेख करणारी संगणक-पेटी हवी. मारुती ८०० ला कार्ब्युरेटर जाऊन इंधन-अंतःक्षेपण आले ते २००० सालीच. जिप्सीलाही ते त्याच वर्षी आले. ह्यासाठी स्वतंत्र ग्राहक-मागणीची कल्पना करण्याचे कारण नाही.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. अमेरिकेत १९७० च्या शुद्ध हवा कायद्यानंतर १९७५ च्या सुमारास परिवर्तक आले आणि १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्यांत इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक सार्वत्रिक झाला. फरक एवढाच की, तेथे नियम आणि उद्योग एकाच देशात वाढले. आपल्याकडे नियम देशी, पण नियम पाळण्याचे साधन बव्हंशी परदेशी रचनेचे, अशी स्थिती राहिली.

आता नियमांच्या भूगोलाकडे वळू, कारण मोहर्लीचे महत्त्व येथे आहे. भारत टप्पा ३ मुंबई, पुणे आदी मोठ्या शहरांत २००५ साली आला. उर्वरित देशात २०१० साली. टप्पा ४ मुंबई, पुणे व सोलापूर ह्या शहरांत २०१० साली सुरू झाला. चंद्रपुरास तो १ एप्रिल २०१७ च्या देशव्यापी अंमलापर्यंत थांबावा लागला. ज्या चंद्रपूरची गणना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली, त्याच्या वाट्यास मोटारीचा कडक नियम सोलापूरनंतर सात वर्षांनी यावा, हे विलक्षण वाटेल. (चंद्रपूरची हवा बिघडविण्यात कोळसा व वीजकेंद्र यांचा वाटा मोठा, हे खरेच.) विलंबाचे एक कारण इंधनात होते : टप्पा ४ ला दशलक्ष भागांत ५० भागांहून अधिक गंधक चालत नाही, आणि तसले इंधन सर्व आगारांपर्यंत पोहोचविणे तेलशुद्धी कारखान्यांस एकदम जमण्यासारखे नव्हते. बाजारपेठेची सीमा अशा रीतीने गंधकाने आखली, ग्राहकाच्या उत्पन्नाने नव्हे. १ एप्रिल २०२० रोजी टप्पा ६ सर्व देशात एकाच दिवशी आला, आणि ही सीमा पुसली गेली.

धुराच्या नियमांपाठोपाठ सुरक्षिततेचे नियम आले. एप्रिल २०१९ पासून मोटारींना, आणि १२५ घन सेंटिमीटरवरील दुचाकींना, चाक न अडकू देणारी ब्रेक-पद्धत सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून मोटारीत चालकासाठी हवेची पिशवी, वेगाचा इशारा व मागे घेताना अडथळा दाखविणारे संवेदक आवश्यक ठरले. नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थान-दर्शक यंत्र व संकटसूचक कळ ही १ जानेवारी २०१९ पासूनची. ह्यांतील प्रत्येक कलम म्हणजे एक नवी बाजारपेठ होती.

ह्याच वर्षी जिप्सीची सामान्य ग्राहकांसाठी होणारी विक्री थांबली. डिसेंबर १९८५ मध्ये आलेले हे वाहन तीन दशकांहून अधिक काळ जवळपास त्याच बांध्यात टिकले होते. त्यात ना हवेची पिशवी होती ना नवी ब्रेक-पद्धत, आणि ती बसवून वाहन नव्या कसोट्यांना उतरविणे कंपनीस परवडणारे नव्हते. जंगलातील वाटेवर ताशी वीस-तीस किलोमीटरने चालणाऱ्या गाडीला महामार्गावरील सुरक्षिततेचे मोजमाप लागू व्हावे, हा नियमाचा दोष म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. तीच गाडी जंगलाबाहेर डांबरी रस्त्यावरही धावते. पण नियम करताना मोहर्लीसारख्या ठिकाणच्या वाहनधारकाचा विचार कोणाच्या मनात होता, असे मानण्यासही आधार नाही. जून २०२३ मध्ये आलेली जिम्नी ही जिप्सीची वारस मानली जाते. तिच्यात सहा पिशव्या आहेत आणि घसरण रोखणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे.

आर्थिक लाभ कोणाकडे गेला, हा प्रश्न उरतो. पुण्यास त्यातील लक्षणीय हिस्सा मिळाला. तेथील एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संशोधन-संस्था वाहने नियमास उतरतात की नाही हे तपासते. नियम जितके वाढले तितके तिचे काम वाढले. १९९० साली तेथेच स्थापन झालेली केपीआयटी ही कंपनी पुढे वाहनांच्या आज्ञावलीच्या कामात स्थिरावली. परंतु सूक्ष्म चकत्या बाहेरूनच येत राहिल्या. २०२१ साली जगभर त्यांची टंचाई झाली, तेव्हा सप्टेंबरमधील आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असे मारुतीस जाहीर करावे लागले. लोखंड, रबर, कामगार, ग्राहक सर्व हजर असून, नखाएवढ्या तुकड्यावाचून गाडी अडली.

मोहर्लीस अडचण निराळ्या प्रकारची आहे. पॉइंट घासणारा कारागीर सर्वत्र होता. संगणक-पेटीतील दोष वाचणारे यंत्र सर्वत्र नसते, आणि असले तरी प्रत्येक कंपनीच्या पेटीची किल्ली त्याच्याजवळ असतेच असे नाही. गाडीतील दोष स्वतः नोंदविणारी पद्धत २०१० पासून सक्तीची झाली, पण ती नोंद वाचण्याचा अधिकार व साधन ग्रामीण गॅरेजपर्यंत पोहोचावे, अशी तरतूद तिच्यासोबत आली नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि जंगलाची धूळ तारांच्या जोडात बसते, तेव्हा अडलेल्या गाडीला चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते, आणि पर्यटनाच्या हंगामातील तो दिवस चालकाच्या कमाईतून वजा होतो. जुन्या जिप्सी अद्याप डागडुजी करून चालविल्या जातात, त्याचे एक कारण हे आहे.