गोनेसचे गावकरी आणि पॅरिसचे नागरिक

१७८३ च्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्समधील गोनेस या खेड्यात घडलेली एक हकीकत युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकांतून विनोदी चुटक्यासारखी सांगितली जाते. आकाशातून एक मोठा गोळा शेतात येऊन पडला. तो हलत होता, फुसफुसत होता आणि त्याला दुर्गंधीही येत होती. गावकऱ्यांनी धोंडे, काटे आणि मळणीची झोडपणी घेऊन त्याच्यावर हल्ला केला व शेवटी त्याचे फाटके कातडे घोड्याच्या शेपटीला बांधून रानभर फरफटत नेले. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हसतात, आणि आम्ही शिक्षकही ‘पाहा, शास्त्र पुढे गेले आणि जनता मागे राहिली’ असे म्हणून धडा संपवितो. मीदेखील अनेक वर्षे असेच केले. पुढे त्या वर्षाची हकीकत थोडी बारकाईने वाचल्यावर मला हे हसणे टिकविता आले नाही.

प्रारंभ पॅरिसमध्ये नव्हे, आनोने या लहानशा गावी झाला. तेथील कागद-कारखानदार मोंगोल्फिए घराण्यातील जोझेफ व एतिएन या बंधूंनी ४ जून १७८३ रोजी, प्रांतिक सभेचे सभासद गावी आले असता, कापडाला आतून कागद लावून व तुकडे गुंड्यांनी जोडून केलेला एक प्रचंड फुगा सर्वांसमक्ष हवेत सोडला. खाली ओले गवत व लोकर जाळली होती. आपण धुरातून एक विशेष हलका वायू निर्माण केला आहे, अशी या बंधूंची समजूत होती. केवळ तापल्यामुळे हवा विरळ व हलकी होते, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. फुगा मात्र उडाला, आणि सुमारे दहा मिनिटांनी दोनएक किलोमीटरवर उतरला.

वार्ता पॅरिसला पोहोचली ती अर्धवट. कोणता वायू वापरला, याचा तीत उल्लेख नव्हता. पदार्थविज्ञानाचे व्याख्याते झाक शार्ल यांना कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये वर्णिलेला ज्वालाग्राही वायू, म्हणजे हायड्रोजन, ठाऊक होता, म्हणून त्यांनी तोच गृहीत धरला. म्हणजे एका पक्षाचा शोध चुकीच्या उपपत्तीवर उभा, तर दुसऱ्याचा चुकीच्या तर्कावर, आणि दोघेही यशस्वी! ज्ञानयुगाचा इतिहास आपण समजतो तितका सरळ रेषेत चालत नाही, याचे एवढे उत्तम उदाहरण विरळाच.

शार्ल आणि रोबेर बंधू यांचा रबराचे लुकण दिलेला रेशमी फुगा लोहकीस व गंधकाम्ल यांपासून काढलेल्या वायूने भरण्यास चार दिवस लागले. २६ ऑगस्टच्या रात्री, मशालींच्या उजेडात व शिपायांच्या पहाऱ्यात, तो शाँ द मार्सच्या मैदानाकडे नेण्यात आला. वाटेत भेटलेल्या भाडोत्री गाड्यांचे गाडीवान गाड्या थांबवून, टोप्या हातात घेऊन गुडघे टेकीत होते, असे समकालीन वृत्त आहे. हे गाडीवान राजधानीतले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसऱ्या दिवशी फुगा सुटला तेव्हा पाऊस कोसळत होता, तरी उंची वस्त्रे ल्यालेल्या स्त्रियासुद्धा जागच्या हालल्या नाहीत. असल्या खेळण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तेव्हा, नुकत्याच जन्मलेल्या बालकाचा तरी काय उपयोग, असा उलट प्रश्न बेंजामिन फ्रँकलिनने केल्याचे सांगतात.

हाच फुगा पाऊण तासाने गोनेसला पडला. त्यानंतर सरकारने एक जाहीर सूचना छापून काढली: काळवंडलेल्या चंद्रासारखा गोळा आकाशात दिसल्यास भिऊ नये, ते कापडाचे निरुपद्रवी यंत्र आहे. प्रयोग ऑगस्टात आणि खुलासा त्यानंतर! गावकऱ्यांना कोणी काही आगाऊ सांगितलेच नव्हते. अज्ञात वस्तू अंगावर आली असता जे हाती असेल ते घेऊन तिला सामोरे जाणे, याला मूर्खपणा म्हणण्यास निदान माझे मन घेत नाही.

१९ सप्टेंबरला व्हर्साय येथे राजाराणींसमोर एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा असे तीन प्रवासी वर गेले. आठ मिनिटांनी खाली आल्यावर कोंबड्याचा पंख दुखावलेला आढळला, आणि उंचावरील हवेचा हा परिणाम काय, अशी विद्वानांत चर्चा सुरू झाली. निघण्यापूर्वीच मेंढीने त्याला लाथ मारली होती, असे साक्षीपुराव्यांती निष्पन्न झाले.

मानवाचे पहिले मुक्त उड्डाण २१ नोव्हेंबरचे. पहिले जाण्यास गुन्हेगार कैदी पाठवावेत, असा राजाचा विचार होता. पिलात्र द रोझिए या तरुणाला हा मान कैद्यांना जावा हे सहन झाले नाही, आणि मार्की दार्लांद याच्यासह तोच गेला. पंचवीस मिनिटे ते पॅरिसवरून तरंगत होते. फुग्याला आगीने भोके पडू लागली तेव्हा ओल्या स्पंजांनी ती विझवीत होते. दार्लांदने लिहून ठेवलेल्या वृत्तांतातील एक गोष्ट मला सर्वांत हृद्य वाटते. खाली एवढा जनसमुदाय असून इतका निःशब्द कसा, याचे त्याला आश्चर्य वाटले. लोक घाबरले असतील या समजुतीने तो हात हालवून त्यांना धीर देऊ लागला, तेव्हा नुसते पाहत काय राहिलात, आगीत गवत टाका, म्हणून सोबत्याने त्याला दटाविले. उतरल्यावर जमावाने पिलात्रचा कोट पळवून त्याच्या चिंध्या आठवण म्हणून वाटून घेतल्या.

१ डिसेंबरला शार्ल आणि धाकटा रोबेर त्विलरीच्या बागेतून उडाले. चार लक्ष लोक जमले होते, असे म्हणतात. पॅरिसची वस्तीच तेव्हा सहा लक्षांच्या आसपास, हे पाहता अतिशयोक्ती वजा करूनही निम्मे शहर लोटले असावे. दोन तासांनी ते नेल या गावी उतरले. येथे काटे-झोडपणी कोणी आणली नाही. शेतकरी आनंदाने धावत आले आणि आसपासच्या पाद्र्यांनी उतरल्याच्या लेखावर सह्या केल्या. गोनेसला तीनच महिने झाले होते. शार्ल पुन्हा एकटाच वर गेला, तेव्हा एकदा मावळलेला सूर्य त्याला दुसऱ्यांदा दिसला व मावळला. त्यानंतर तो कधीही उडाला नाही.

आता दुसरी बाजू. ११ जुलै १७८४ रोजी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत मिओलाँ नावाचा धर्मगुरू आणि जानिने यांचा महाकाय फुगा उडावयाचा होता. पैसे भरून आलेले सुशिक्षित नागरिक भर उन्हात तासन् तास तिष्ठत होते. फुगा काही उठेना. शेवटी लोकांनी कुंपण मोडले, फुगा फाडला व जाळला, आणि दोघे जीव घेऊन पळाले. पुढे व्यंगचित्रांत मिओलाँ मांजर झाला व जानिने गाढव, आणि मिओलाँच्या नावाची अक्षरे फिरवून ‘बिघडलेला फुगा’ असा फ्रेंच शब्दप्रयोग करण्यात आला. (मोजून पाहिल्यास एक अक्षर अधिक भरते; परंतु संतापलेल्या विनोदाला एवढी शुद्धता परवडत नाही.) गोनेसच्या लोकांनी भयाने जे केले, तेच या मंडळींनी तिकिटाचे पैसे वाया गेल्याच्या रागाने केले. तरीही आमच्या पुस्तकांत जागा मिळाली ती गोनेसला.

व्हर्सायचा तो निळ्या-सोनेरी नक्षीचा फुगा रेव्हेयाँ या भिंतकागदाच्या कारखानदाराच्या साहाय्याने सिद्ध झाला होता. फोबूर सँ-तांत्वान भागातील त्याच्याच बागेत १७८३ च्या ऑक्टोबरात पिलात्रने दोराने बांधलेल्या फुग्यातून पहिल्या चढाया केल्या, आणि त्या पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. २८ एप्रिल १७८९ रोजी त्याच वास्तूवर पुन्हा जमाव आला. मजुरी कमी होणार, अशी आवई उठली होती. घर व कारखाना लुटला गेला, सैन्याने गोळ्या झाडल्या, अनेक माणसे मेली. रेव्हेयाँ निसटला आणि त्याने आश्रय घेतला तो बास्तीयच्या किल्ल्यात.