विद्यार्थ्याची वाणी आणि सीमेवरची शाळा

बेळगावाहून बागलकोटच्या रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे दहाबारा किलोमीटरांवर सांबरा लागते. 1942 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश हवाई दलाने येथे धावपट्टी बांधली आणि बेळगावचा विमानतळ म्हणून या गावाचे नाव बाहेरच्या जगास ठाऊक झाले. गाव मात्र त्याच्या आधीचे, शेतीवर जगणारे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि हवाई दलाच्या तळामुळे कानांवर हिंदी, असा येथील मुलाचा भाषाव्यवहार असतो. 'मी काय बोलू?' हा प्रश्न त्याच्या मनात उठण्यापूर्वी 'कोणत्या भाषेत बोलू?' हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. विद्यार्थ्यांच्या भाषणस्वातंत्र्याचा विचार आपल्याकडे झाला तो बहुतेक पहिल्या प्रश्नापुरता. दुसरा प्रश्न आपण सीमाप्रश्नाच्या खाती घातला. वस्तुतः ही दोन्ही एकाच हक्काची अंगे आहेत, आणि त्या हक्काचा धनी जो विद्यार्थी, त्याची आठवण दोन्हीकडे फार उशिरा झाली, असे आम्हांस वाटते.

पहिल्या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्रात 1905 पासून चांगला ठाऊक आहे. त्या वर्षी पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. 'केसरी'ने या प्रकरणी शिक्षकवर्गाचा कडक समाचार घेतला. त्याच ऑक्टोबरात बंगाल सरकारचे कार्लाईल यांचे परिपत्रक निघाले. ज्या शाळांचे विद्यार्थी चळवळीत दिसतील त्या शाळांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या काढून घेण्याची धमकी त्यात होती. 1907 साली हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांनी हेच धोरण साऱ्या देशास लागू केले. मुलाच्या तोंडाला कुलूप लावण्याचे काम सरकारने स्वतः केले नाही. ते मुख्याध्यापकावर सोपविले, आणि कुलपाची किल्ली म्हणून अनुदान हाती ठेवले. ही युक्ती रिस्लेसाहेबांबरोबर संपली, असे कोणी समजू नये.

या वादात दोन्ही पक्षांनी विद्यार्थ्याविषयी काय मानले होते, हे पाहण्यासारखे आहे. रँग्लर परांजप्यांपुढे संस्था होती. सरकारी मान्यता गेली तर शेकडो मुलांच्या शिक्षणाचे काय, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. टिळकांपुढे राष्ट्र होते, आणि राष्ट्रास तरुणांची गरज होती. विद्यार्थ्याला स्वतःचे असे मत असू शकते, ते चुकीचे असले तरी उच्चारण्याचा त्यास अधिकार आहे, आणि तो अधिकार संस्था व राष्ट्र या दोहोंच्या सोयीवर अवलंबून नाही, हे म्हणणे त्या वादाच्या केंद्रस्थानी कधी आले नाही. काळाचा विचार करता त्याबद्दल कोणास दोष देता येत नाही. परंतु त्या वादाने घालून दिलेली चाकोरी आपण पुढे सोडली नाही, एवढे नमूद करणे भाग आहे.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने ही चाकोरी मोडण्याची सोय केली होती. अनुच्छेद 19 भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य 'नागरिकां'ना देतो, आणि त्यात वयाची अट नाही. मतदानाला वय लागते, बोलण्याला लागत नाही. पुढे 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे तो सांगतो. योगायोग असा की ही दुरुस्ती अमलात आली त्याच दिवशी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. ज्या बेळगावात 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला होता, तेथील मराठी मूल एका रात्रीत भाषिक अल्पसंख्याक झाले.

त्यानंतरच्या शासकीय आदेशांचा इतिहास किचकट आहे, तरी त्यातले मोठे टप्पे सांगावयास हवेत. गोकाक समितीच्या अहवालानंतर 1982 साली कर्नाटक सरकारने कन्नडला शाळांत प्रथम भाषेचे एकमेव स्थान देणारा आदेश काढला. कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभागात 1986 च्या जूनमध्ये आंदोलन पेटले, गोळीबार झाला, नऊ जणांचे प्राण गेले. हिंडलग्याचे स्मारक त्यांचेच आहे. 1989 साली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1982 च्या आदेशातील सक्ती घटनाबाह्य ठरविली. 1994 साली नवा आदेश निघाला : पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून अथवा कन्नडमधून. येथे मराठी माणसाने थबकून विचार करावा. हा आदेश वाचताना मराठी शाळेस जागा ठेवणारा होता, अडवणूक होती ती इंग्रजी शाळांची. इंग्रजी शाळांचे चालक न्यायालयात गेले आणि 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडणे हे भाषणस्वातंत्र्याचेच अंग आहे आणि मातृभाषा मुलाच्या हिताची आहे एवढ्या कारणास्तव राज्यास ती लादता येणार नाही.

तत्त्व म्हणून हा निर्णय आमच्या प्रतिपादनास बळ देतो : वाणीचा हक्क आणि भाषेचा हक्क एकच. परंतु त्यातील एक गाठ सुटलेली नाही. निवडीचे स्वातंत्र्य मुलाचे, असे न्यायालय म्हणते. मुलाची मातृभाषा कोणती हे मात्र पालकांनी ठरवावे, असेही ते म्हणते. सहा वर्षांच्या मुलाबाबत दुसरे काय करणार, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. तथापि सीमेवर जो हक्क सक्तीविरुद्ध ढाल म्हणून मागितला गेला, त्याच हक्काच्या बळावर मराठी पालकांसही इंग्रजी शाळेची वाट मोकळी झाली. कन्नडसक्तीशी झुंजलेल्या मराठी शाळेस या मोकळ्या वाटेशी झुंजण्याचे शस्त्र कोणत्याच आदेशात सापडत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. 1 नोव्हेंबर कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो, आणि सीमाभागातील मराठी जन तो काळा दिन म्हणून पाळतात. काळा कपडा हे निषेधाचे चिन्ह दूरच्या एका शाळेतही वादाचा विषय झाले होते. अमेरिकेतील डे मॉइन या शहरी 1965 च्या डिसेंबरात व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काही मुलांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या. शाळेने त्यांना घरी धाडले. 1969 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांचा पक्ष उचलून धरला. त्यातील कसोटी शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मत अप्रिय आहे, गडबड होईल अशी भीती वाटते, एवढे पुरत नाही. शाळेच्या कामात खरोखरच मोठा व्यत्यय येत असला पाहिजे. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा निर्णय हिंडलग्यानंतर दोनच महिन्यांनी, 11 ऑगस्ट 1986 रोजी लागला. केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. न बोलणे हेदेखील भाषणस्वातंत्र्यात येते, असा त्याचा अर्थ.

हा अर्थ सीमाभागात दोन्ही बाजूंना लागू करावा लागेल. राज्योत्सवाच्या सकाळी कन्नड जयघोषात सामील न होता स्वस्थ उभ्या राहणाऱ्या मराठी मुलास शिक्षा होऊ नये, हे आम्ही आग्रहाने म्हणतो. मग काळ्या दिनाच्या फेरीत जाऊ न इच्छिणाऱ्या, किंवा शेजारच्या कन्नड मित्राबरोबर त्याच्या उत्सवाला जाणाऱ्या मराठी मुलाकडेही गावाने डोळे वटारू नयेत, हे म्हणावेच लागते. असे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. ज्या घरांनी माणसे गमावली त्यांना हे न्यायाचे वाटेलच असे नाही.

सांबऱ्यात, तसेच कडोली, उचगाव, येळ्ळूर या गावांत ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते. मराठीचे एवढे प्रेम पुण्यामुंबईत आज क्वचित दिसेल. अशा व्यासपीठांवर आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांची भाषणे होतात, ती बहुधा गुरुजींनी लिहिलेली आणि मुलांनी तोंडपाठ केलेली. विषयही ठरलेले : मातृभाषेची थोरवी, हुतात्म्यांचे स्मरण. उच्चार स्वच्छ, हातवारे बसविलेले, टाळ्या हमखास. त्या मुलाला कानडी शिकताना काय अडले, काय आवडले, शाळेतला वर्ग रिकामा का होत चालला आहे, मोठेपणी त्याला कोठे जावयाचे आहे, हे त्याच्याच मोडक्यातोडक्या मराठीत ऐकण्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत, आणि तो बोलून उतरेपर्यंत त्याचा कागद कोणी आधी तपासू नये, अशी सूचना आम्ही संमेलनांच्या चालकांपुढे आणि तेथील शिक्षकबंधूंपुढे ठेवीत आहोत.