बालकुमारांच्या तबकड्या

मांडूला रेवाकुंडाच्या वरच्या अंगाला, कड्याच्या टोकावर रूपमतीचा मंडप आहे. हवा स्वच्छ असली म्हणजे तेथून दूरवर नर्मदेची रेघ दिसते. रूपमतीच्या आणि बाजबहादुराच्या गाण्याच्या कथा वाटाडे हौसेने सांगतात. ते गाणे कसे होते, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. अबुल फजलाने 'ऐने अकबरी'त बाजबहादुराला अजोड गायक म्हटले आहे. १५६१ साली त्याचे राज्य मोगलांनी घेतले आणि मागे उरली ती नुसती कीर्ती.

माळव्याच्याच दुसऱ्या एका गवयाच्या बाबतीत काळ इतका निष्ठुर झाला नाही. हे गवई म्हणजे देवासचे कुमार गंधर्व. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र कोमकळी. जन्म १९२४ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. अब्दुल करीम खाँ, वझेबुवा यांच्यासारख्यांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्या हुबेहूब गाऊन दाखवी. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये त्याने जाणत्यांना थक्क केले आणि पुढे प्रोफेसर देवधरांपाशी त्याचे रीतसर शिक्षण झाले. तबकडीवरून शिकलेला हा मुलगा त्याच सुमारास स्वतःच तबकडीवर चढला!

त्या तबकड्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. पोलादी सुई दर खेपेस थोडी थोडी खाचणी खाई, आणि हातून निसटली की तबकडीचे तुकडे. लांब वाजणाऱ्या तबकड्या आल्यावर जुन्यांना माळ्यावरची जागा मिळाली, नाहीतर जुन्या बाजारातली. तेथून त्या वेचून आणल्या संग्राहकांनी. १९९० साली मुंबईत अशा मंडळींची संस्थाही निघाली. आज तो कोवळा आवाज घरबसल्या ऐकता येतो, हे त्यांचे ऋण.

पण ऐकायचे काय? १९४८ च्या जानेवारीत कुमार देवासला राहावयास आले ते क्षयाने गांजलेले. काही वर्षे गाणे बंद. स्ट्रेप्टोमायसिनने प्राण वाचले, तरी एक फुफ्फुस निकामी झाले. पुढचे त्यांचे तुटक, झेपावणारे गाणे म्हणजे अपुऱ्या श्वासाची तडजोड, असे पुष्कळ म्हणतात, आणि आता या तबकड्यांकडे बोट दाखवून विचारतात : पाहा, काय होते आणि काय गेले!

मला हा न्याय पटत नाही. मुलाचा आवाज वयात येताना फुटतोच. बारा वर्षांचा गळा आणि तिशीतला गळा यांची वजावट करून आजाराचा हिशेब निघत नाही. शिवाय तबकडीवरची ती तयारी बरीचशी थोरांकडून उचललेली. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांच्या कानी आली ती माळव्यातील बायाबापड्यांची गाणी. त्या धुनांतून त्यांनी मालवती, संजारी, मधसुरजा, लगनगांधार असे राग उभे केले. १९६५ साली 'अनूपरागविलास' निघाला. श्वास कमी पडला म्हणून कोणाला राग सुचत नाहीत.

मग त्या तबकड्यांचे मोल ते काय? त्यांत परक्या खजिन्यावर खुशाल हात मारणारे एक निर्भय पोर ऐकू येते. हा खजिना कुमारांनी पुढे बहुतेक बाजूस ठेवला, आणि बाजूस ठेवलेले किती होते ते सुईच्या खरखरीतूनही स्पष्ट कळते.